हजेरीपट आणि पंगत : नव्या धंद्यांची पहिली माणसे

गेल्या श्रावणात माझा भाचा एक कागद घेऊन घरी आला. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत गाळा भाड्याने घेऊन हळद आणि मसाले दळायचे, पाकिटे भरायची, असा धंदा त्याच्या मनात होता. यंत्रांची कोटेशने आली होती, बँकेचे कर्ज मंजुरीच्या वाटेवर होते. घोडे अडले होते ते माणसांपाशी. कागदावर त्याने चार रकाने आखले होते : कायम, कंत्राटी, रोजंदारी आणि उक्ते. प्रत्येकाखाली फायदे-तोटे लिहिलेले. वीस माणसांच्या आत राहिलो तर भविष्यनिर्वाह निधीच्या भानगडीत पडावे लागणार नाही, ही नोंद लाल शाईने. म्हणाला, "मामा, तू इतिहास शिकवलास ना इतकी वर्षं? जुन्या लोकांनी हे कसं ठरवलं असेल?"

मी आर्थिक इतिहास शिकवला तो गिरण्यांचा, रेल्वेचा आणि जमीनमहसुलाचा. नव्याने धंदा काढणाऱ्या मराठी माणसाने पहिला नोकर कसा निवडला, या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आपल्याकडच्या उद्योजकांच्या चरित्रांत भांडवल कसे जमले याला एक प्रकरण असते, यंत्र कसे मिळाले याला दुसरे, स्वदेशीला तिसरे. माणसांविषयी मात्र बहुधा एकच वाक्य असते : 'त्यांना माणसांची उत्तम पारख होती.' भाच्याचा कागद हातात धरून मला पहिल्यांदा वाटले, की या वाक्यावर आपण फार लवकर समाधान मानतो. पारख कोणाची, कशासाठी, आणि पारख झालेल्या माणसाला काय मिळाले?

शोधायला बसलो तेव्हा दोन माणसे शेजारी-शेजारी येऊन उभी राहिली. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ चा, दादासाहेब फाळक्यांचा १८७० चा. दोघेही मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले. लक्ष्मणरावांना रंग नीट ओळखता येत नाहीत असे निघाले, म्हणून ते चित्रकला सोडून यांत्रिक रेखनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. फाळके छायाचित्रण, पुरातत्त्व खात्याची नोकरी, ठसे आणि छपाई असे करत फिरले. दोघांनीही चाळिशी ओलांडल्यावर अशा धंद्यात उडी घेतली, ज्यातले काम येणारी माणसे आसपास मिळत नव्हती. एकाने १९१० मध्ये कुंडल रोडच्या माळावर लोखंडी नांगरांचा कारखाना थाटला, दुसऱ्याने १९१२ मध्ये दादरला चित्रपट काढायला घेतला.

त्यांच्यापुढे पर्याय तरी कोणते होते?

मुंबईत गिरण्यांत तेव्हा सुमारे लाखभर कामगार होते, आणि त्यांची भरती मालक करत नसे. ती मुकादम करी. मुकादम म्हणजे जॉबर. तो आपल्या गावचे, नात्यातले, जातीतले लोक आणी, त्यांना साच्यावर उभे करी, खोली मिळवून देई, वेळेला उसने देई आणि या सगळ्याबद्दल दस्तुरी घेई. रोज सकाळी गिरणीच्या दारात बदलीवाले उभे असत. कोणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी यांच्यातला एक आत जाई. मालकाच्या दृष्टीने ही सोयीची व्यवस्था होती. काम वाढले की माणसे वाढवावीत, मंदी आली की दाराशीच थांबवावीत. भाच्याच्या कागदावरचे 'कंत्राटी' आणि 'रोजंदारी' हे दोन रकाने म्हणजे याच व्यवस्थेची नातवंडे आहेत. पण ती चालते कुठे? जिथे एकाच तऱ्हेचे काम करणारी हजारो माणसे आधीच आहेत तिथे. नांगराचा फाळ ओतणारी किंवा कच्च्या फिल्मला भोके पाडणारी माणसे कोणत्याच मुकादमाच्या गावात नव्हती.

दुसरा पर्याय परळ-भायखळ्याच्या रेल्वे कारखान्यांतले फिटर, टर्नर, मोल्डर यांचा. ती तयार माणसे होती. पण ती नोकरी भरवशाची, आणि शहरातला पगार सोडून निवडुंगाच्या माळावर यायला असा मनुष्य का तयार होईल? तिसरा पर्याय परंपरागत कारागिरांचा : सुतार, लोहार, तांबट. त्यांचे हात तयार होते, पण ते आपल्या भात्याचे आणि ऐरणीचे स्वतः धनी होते आणि गावाशी बलुत्याने बांधलेले होते.

एक चौथा पर्याय होता. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत तो सापडत नाही, म्हणून माझ्याही ध्यानात उशिरा आला. तो म्हणजे नाटक मंडळी. मराठी मुलखात गावोगाव फिरणारी, पन्नास-साठ माणसांचे पोट चालवणारी, पगारपत्रक ठेवणारी, कर्ज काढणारी आणि फेडणारी खासगी संस्था एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोणती होती, तर नाटक मंडळी. तिचा कारभार बिऱ्हाडावर चाले. नट, गवई, तबलजी, पडदे रंगवणारा, आचारी, गडी सगळे एका बिऱ्हाडात राहत आणि एका पंगतीला जेवत. (पंगत एक असली तरी तिच्यात जातीच्या ओळी असत, हे विसरायला नको.) पोरगेलेसे मूल गोड गळ्याचे दिसले की मालक त्याच्या बापाशी बोलून त्याला मंडळीत घेत, तालमीत शिकवत आणि मोठे झाल्यावर त्याच्यावर मंडळीचा हक्क सांगत. पगार कमी, पण जेवण, अंथरूण, दुखणेखुपणे मंडळीचे. शिकवलेला माणूस टिकवायचा कसा या प्रश्नाला मराठी माणसाने शोधलेले हे जुने उत्तर. किर्लोस्कर नाटक मंडळी १८८० मध्ये काढणारे अण्णासाहेब किर्लोस्कर धारवाड-बेळगाव भागातल्या गुर्लहोसूरचे. नांगरवाले लक्ष्मणरावही गुर्लहोसूरचेच. एका गावाच्या मातीतून अमुकच व्यवस्था उगवते असे मला म्हणायचे नाही. पण कुंडल रोडला जे उभे राहिले ते गिरणीपेक्षा बिऱ्हाडाच्या अधिक जवळचे होते, असे माझे मत झाले आहे.

लक्ष्मणरावांच्या धंद्याची सुरुवात बेळगावात, भाऊ रामुअण्णांबरोबर सायकली विकण्यापासून झाली. मुंबईच्या नोकरीत बढतीच्या वेळी त्यांना डावलून गोऱ्यांशी रक्ताचा संबंध सांगणाऱ्या माणसाला जागा दिली गेली. ती नोकरी सोडून ते पूर्णवेळ बेळगावी आले. कडबा कापण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर. नांगराला गिऱ्हाईक नव्हते. लोखंडाने जमिनीत विष भिनते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली. पुढे शहराच्या वाढीसाठी कारखान्याची जागा नगरपालिकेला हवी झाली आणि बेळगाव सोडायची वेळ आली. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ बत्तीस एकर माळ दिला आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. १० मार्च १९१० हा किर्लोस्करवाडीचा प्रारंभदिन मानला जातो. त्या माळावर निवडुंग इतका होता, की लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव यांच्या इंग्रजी आत्मचरित्राच्या नावातही तो शिरला आहे.

बरोबर पंचवीस कामगार होते. आता ही पहिली माणसे कोण होती ते पाहा. शंभुराव जांभेकर : अनेक उद्योग केलेला, एका जागी न रमणारा भटका मनुष्य. वाडीत आला आणि यंत्रांचा जाणकार म्हणून स्थिरावला. अनंतराव फळणीकर : शाळा अर्धवट सोडलेला मुलगा. पुढे कल्पक अभियंता झाला. के. के. कुलकर्णी : इतरत्र कुठे जमले नाही असा गृहस्थ. इथे पडेल ते काम सांभाळणारा व्यवस्थापक. मंगेशराव रेगे : कारकुनी आणि हिशेब. रामुअण्णा : घरचाच माणूस, वसाहतीची आखणी आणि कारभार. आणि रात्रीच्या पहाऱ्यावर दोघे जण, दरोड्यासाठी तुरुंगवास भोगून आलेले.

या यादीकडे पाहून आपले चरित्रकार 'पारख' म्हणतात. पारख तर होतीच. पण मला त्या यादीत आणखी एक गोष्ट दिसते. हिशेबनीस आणि घरचा भाऊ सोडला तर यातल्या बहुतेकांना बाहेरच्या बाजारात भाव नव्हता. शाळा सोडलेला, भटका, न जमणारा, शिक्षा भोगलेला. ज्याला दुसरीकडे चांगली जागा मिळाली असती असा मनुष्य त्या माळावर आलाच नसता, आणि आला असता तरी पहिल्या उन्हाळ्यात परत गेला असता. लक्ष्मणरावांनी हे हिशेबाने केले की श्रद्धेने, याचा निवाडा करायला मी धजत नाही. ते स्वतः नाकारले गेलेले होते, रंग न दिसणारा चित्रकार आणि बढती न मिळालेला मास्तर. नाकारलेल्या माणसाची किंमत त्यांना वेगळी कळली असेल. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही असा त्यांचा दंडक होता, हेही खरे. पण श्रद्धा आणि व्यवहार या ठिकाणी एकाच दिशेने चालत होते, एवढे मात्र म्हणावे लागते.

पहारेकऱ्यांची गोष्ट वाडीच्या इतिहासात अभिमानाने सांगितली जाते. अभिमान वाटावा अशीच ती आहे. १८७१ च्या कायद्यानंतर ज्या देशात जातीच्या जाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या जात होत्या, तिथे एका कारखानदाराने शिक्षा भोगलेल्या माणसांच्या हाती रात्र सोपवली. फक्त एक बारीक गोष्ट मला टोचत राहिली. त्या इतिहासात इतर सगळे आडनावाने आणि 'राव' लावून येतात. हे दोघे नाव आणि त्यापुढे जात, असे येतात. विश्वास मिळाला, आडनाव राहिले.

आणखी एक. 'पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे' असा उल्लेख सगळीकडे असतो. कुटुंबांचा आकडा नसतो. निवडुंग तोडून केलेल्या जागेत चूल मांडणे, पाणी आणणे, पोरांना साप-विंचवापासून सांभाळणे हे काम ज्यांनी केले त्या बाया पंचविसात नाहीत. त्या तिथे राहिल्या म्हणून पंचवीस राहिले. बिऱ्हाड करून राहिलेला मनुष्य सहजासहजी उठून जात नाही, हे नाटक मंडळीच्या मालकाला ठाऊक होते. वाडीने त्यात भर घातली ती एवढीच, की बिऱ्हाडात बायकोमुलेही आली.

कायदा या कोणाकडेच पाहत नव्हता. १८९१ च्या दुरुस्तीनंतर फॅक्टरीचा कायदा साधारणपणे पन्नास किंवा अधिक माणसे असलेल्या आणि यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्याला लागू होई. १९२२ मध्ये ती मर्यादा विसावर आली. कामावर इजा झाली तर भरपाई देणारा कायदा १९२३ चा, पगार वेळेवर देण्याचा १९३६ चा. म्हणजे १९१० मध्ये छोट्या धंद्यातल्या नोकराला मालकाच्या स्वभावाखेरीज दुसरा आधार नव्हता. लक्ष्मणरावांचा स्वभाव चांगला होता. त्याच काळात इतर अनेक मालक होते, त्यांच्या स्वभावाची चरित्रे कोणी लिहिली नाहीत.

आता दादर. फाळक्यांची अडचण लक्ष्मणरावांपेक्षा अवघड होती. फाळ ओतणे नवे असले तरी लोखंड ओतणे ही गोष्ट लोकांना कळत होती. चित्रपट म्हणजे काय हेच त्यांना नोकरीला ठेवायच्या माणसांना ठाऊक नव्हते. १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले, कॅमेरा आणि फिल्मला भोके पाडायचे यंत्र यांची व्यवस्था केली, दोन महिन्यांत परतले. भांडवलदारांना पटवण्यासाठी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी-थोडी टिपून एक छोटी फिल्म केली. पैसे उभे राहिले. त्यात पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही गेले. मग माणसांची वेळ आली.

वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या. नाटकांतले काही नट आले, त्यांत हरिश्चंद्राचे काम करणारे दत्तात्रय दामोदर दाबके होते. तारामतीसाठी बाई मिळेना. कुलीन स्त्रिया तर सोडाच, वेश्याव्यवसायातल्या बायकांकडे विचारणा झाली तर त्यांनीही नकार दिला. शेवटी ग्रँट रोडच्या बाजूला एका खानावळीत काम करणारा अण्णा साळुंके हा सडपातळ, नाजूक हातांचा तरुण फाळक्यांच्या नजरेला पडला. तिथे त्याला महिना दहा रुपये मिळत. फाळक्यांनी पंधरा देऊ केले, तो आला. चित्रपटसृष्टीच्या इतिहासात हा प्रसंग गंमत म्हणून सांगतात. मला तो भरतीचा नमुना वाटतो. सरळ बाजारभावावर, दीडपट पगार देऊन झालेली ही नेमणूक आहे. साळुंकेला कलेची सेवा करायची नव्हती, त्याला पाच रुपये जास्त हवे होते. आणि गंमत अशी, की अशा पगारी माणसानेच पुढे 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही कामे केली आणि नंतर तो कॅमेऱ्यामागे गेला. आचाऱ्याचा छायाचित्रकार झाला. कॅमेरा चालवायला फाळक्यांनी त्र्यंबक तेलंग यांना शिकवून तयार केले, तेही या कामातले आधी काही न जाणणारे.

चित्रपटात काम करतो असे सांगायची लोकांना लाज वाटे. म्हणून कोणी विचारले तर 'हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे' असे सांगा, असे फाळक्यांनी मंडळींना सांगून ठेवले होते. 'फॅक्टरी' या शब्दाला तेव्हा 'नाटक'पेक्षा अधिक प्रतिष्ठा होती, हे यातून कळते. पण फॅक्टरी आतून कशी होती? हजेरीपट फॅक्टरीचा आणि पंगत नाटक मंडळीची. सात महिन्यांच्या आसपास काम चालले, साठ-सत्तर माणसे घरी जेवत, आणि तो स्वयंपाक सरस्वतीबाई करत.

इथे थोडे थांबून मी एक उद्योग केला. 'राजा हरिश्चंद्र'च्या निर्मितीत सरस्वतीबाईंनी केलेली म्हणून जी कामे नोंदली गेली आहेत, ती मी भाच्याच्या पद्धतीने पदांच्या नावाने लिहून काढली. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक आणि धुणे : आचारी एक, मदतनीस दोन, धोबी एक. विलायतेहून येणाऱ्या कच्च्या फिल्मला रात्री अंधारात भोके पाडणे : कुशल कामगार एक. फिल्म धुण्याची रसायने कालवणे आणि फिल्म धुणे : प्रयोगशाळा सहायक एक. चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून प्रकाश परावर्तित करणे : प्रकाशयोजनेचा गडी एक. हे सात जणांचे काम होते. मुलगा भालचंद्र रोहिताच्या भूमिकेत होता, तो आठवा. पुढे 'कालिया मर्दन'मध्ये मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. अंधारात फिल्म हाताळायला शिकलेली ही बाई त्या दिवशी काम सोडून गेली असती, तर मुंबईत तिच्या जागी दुसरे कोणी मिळाले नसते. बाजाराच्या नियमाने तिचा भाव साळुंकेच्या पंधरा रुपयांहून कितीतरी वर असायला हवा. तिचा पगार शून्य होता, आणि वर दागिने गहाण होते.

फाळक्यांनी पुढे १९२७-२८ च्या चित्रपट चौकशी समितीपुढे साक्ष दिली. अभिनय शिकवण्यापासून प्रक्षेपणापर्यंत सगळे मलाच करावे लागले, कारण तेव्हा या देशात या धंद्याची कोणाला माहिती नव्हती, असा तिचा आशय आहे. ते खरेच होते. पण ती साक्ष वाचताना 'मला' या शब्दात किती जण उभे आहेत याची मोजदाद मनात सुरू होते. कोणावर ठपका ठेवायचा म्हणून मी हे लिहीत नाही. त्या काळच्या घरात हा प्रश्न कोणाला पडलाच नसता, बहुधा सरस्वतीबाईंनाही नाही. पण नव्या धंद्याची पहिली दोन वर्षे तोट्यात जातात, आणि तो तोटा कोणीतरी अंगावर घेतो. सावकार घेत नाही, त्याच्याकडे गहाणखत असते. पगारी नोकर घेत नाही, त्याला महिनाअखेर पैसे लागतात. उरते ते घर. किर्लोस्कर काय, फाळके काय, माणसांची निवड करताना खरी निवड होती ती हा तोटा कोणाकडे द्यायचा याची.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला आणि चालला. पुढच्या 'मोहिनी भस्मासुर'साठी दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला या नाटकाच्या धंद्यातल्या मायलेकी आल्या. एकदा धंदा चालतो असे दिसले, की मिळत नसलेली माणसे मिळू लागतात. फाळके नाशिकला गेले आणि तिथे मंडळी एकत्रच राहू-जेवू लागली.

बिऱ्हाडाच्या व्यवस्थेला एक मोठी भीती कायम असते : शिकवलेला मनुष्य जाईल. त्याच १९१३ मध्ये ती भीती सगळ्या महाराष्ट्राने पाहिली. किर्लोस्कर नाटक मंडळीत घडलेले बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची गंधर्व नाटक मंडळी काढली. लोकांनी बाजू घेतल्या, कोणी कृतघ्नतेची भाषा केली, कोणी स्वातंत्र्याची. पगारी नट मालक झाले, आणि मालक झाल्यावर कर्जबाजारीही झाले. सोळा वर्षांनी कोल्हापुरात तेच घडले. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्या भांडवलावर १९२९ मध्ये प्रभात काढली. प्रभातचा बेत मला या साऱ्यांत हुशारीचा वाटतो. कॅमेरा, कला, दिग्दर्शन या ज्या कामांना पगारी माणूस मिळणे कठीण आणि टिकणे त्याहून कठीण, ती कामे करणारेच भागीदार. म्हणजे सर्वांत महागडा नोकर नेमायचाच नाही, त्याला मालक करायचे. पण भागीदारही जातात. धायबर गेले, पुढे १९४२ मध्ये शांतारामही गेले.

माणूस जाणे हे नुकसान न मानणारी एकच संस्था मला या काळात सापडली, ती तळेगावचा पैसा फंड काच कारखाना. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर पैसा-पैसा मागून जमवलेल्या निधीतून १९०८ मध्ये तो निघाला. जपानात काचेचे तंत्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या हाताखाली तरुणांनी शिकावे आणि देशात इतरत्र काचेचे कारखाने चालवावेत, हाच मुळी तळेगावचा हेतू होता. त्याप्रमाणे माणसे शिकली आणि गेली, खुद्द वार्ष्णेय यांनीही पुढे संयुक्त प्रांतात स्वतंत्र कारखाना काढला. तळेगावला हे परवडले, कारण भांडवल वर्गणीचे होते. ज्याने बायकोचे दागिने गहाण ठेवले आहेत त्याला ते परवडत नाही.

फाळक्यांच्या नशिबी मात्र वेगळेच आले. १९१८ मध्ये भांडवलदार भागीदार घेऊन त्यांनी हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी काढली. ते स्वतः काम करणारे भागीदार. पैसेवाल्यांना हिशेब हवा होता, फाळक्यांना मोकळीक. वर्ष-दीड वर्षात ते बाहेर पडले, काशीला जाऊन राहिले, तिथे 'रंगभूमी' नाटक लिहिले. १९२२ च्या सुमारास परतले ते त्याच कंपनीत पगारी तज्ज्ञ म्हणून. स्वतः उभ्या केलेल्या धंद्याच्या हजेरीपटावर त्यांचे नाव आता नोकरांत होते. लक्ष्मणरावांनी १९२० मध्ये आपला धंदा मर्यादित कंपनी केला आणि तो घराण्याच्या हाती राहिला. त्याच वर्षी वाडीतून 'किर्लोस्कर खबर' निघू लागली, जिच्यापासून मराठी मासिकांचे एक घराणे सुरू झाले. नांगर विकायला काढलेल्या पत्रकासाठीही बाहेरचा संपादक आणला गेला नाही. पुतणे शंकरराव घरचेच होते. कुंडल रोड स्टेशनचे नावही आता किर्लोस्करवाडी आहे. मिरजेहून पुण्याला जाताना गाडी तिथून जाते.

हे सारे मी भाच्याला दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी सांगितले. तो अर्धे ऐकत होता, अर्धा फोनवर यंत्रवाल्याशी बोलत होता. शेवटी मी त्याचा तो कागद मागितला आणि विचारले, दळणासाठी हळकुंडे निवडून कोण देणार? "सुरुवातीला आई." पाकिटांचे वजन आणि लेबले? "आई आणि शेजारच्या काकू." दुपारी तू बँकेत गेलास तर गाळ्यावर कोण? "आईच की." मग आईचा रकाना कुठे आहे?

तो हसला. मग पेन घेऊन त्याने पाचवा रकाना आखला आणि बराच विचार करून त्यात एक आकडा लिहिला. माझी बहीण स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने हात पुसले, कागद घेतला, चष्मा लावून आकडा वाचला आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "दादा, एवढ्यात तर शेजारची काकूसुद्धा येणार नाही हो."

भाच्याने आकडा खोडला. नवा अजून लिहिलेला नाही, गाळ्याचे भाडे मात्र पाडव्यापासून सुरू होते आहे.